ब्रेक उशिरा लागतो

गाडीखाली मी उताणी पडले होते आणि आत्या बंपरपाशी उभी राहून तिसऱ्यांदा तेच सांगत होती.

“लागतच नाही असं म्हणत नाही मी. उशिरा लागतो.”

“म्हणजे पेडल खाली जातं?”

“कधी जातं, कधी नाही.”

“पायाला कसं लागतं? कडक, की पोकळ?”

ती फणकाऱ्यानं म्हणाली, “ते मला काय ठाऊक? मेकॅनिक तू आहेस ना?”

मेकॅनिक! मला असं म्हणणारी तेव्हा जगात ती एकटीच. आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या तुकडीत मी एकुलती एक मुलगी होते, परीक्षेत पहिली आले होते, आणि तरी शहरातल्या ज्या गॅरेजात नोकरी लागली तिथं मला काचेमागं बसवून गिऱ्हाइकांची नावं लिहायला लावली होती. पान्हा हातात घेतला की सगळे हसायचे. “मॅडम, नखं मोडतील.” दीड वर्ष सोसलं. मग एक दिवस आत्याचा फोन आला, “मंदे, चार दिवस रजा टाक आणि ये. माझ्या गाडीचं कुणाला काही कळत नाही.” रजा कसली टाकते, मी अवजारांची पेटी उचलली आणि एसटी धरली. पंधरा वर्षं झाली त्याला.

आत्या म्हणजे हिराबाई भांगरे. एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्स होती, रिटायर झाली तरी माळवंडीच्या पठारावर सगळे तिला सिस्टरच म्हणत. लग्न केलं नाही. बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली आणि एक जुनी डिझेल गाडी घेतली. उंच, जडशीळ, मागं समोरासमोर दोन बाकं, खाली स्प्रिंगचे पाटे, दार लावलं की अख्ख्या गल्लीला कळणार. पठारावर पाच पाडे. खालच्या दवाखान्यात जायचं तर अकरा वळणांचा घाट. सरकारी गाडी बोलावल्यापासून वर पोचेपर्यंत दोन तास जायचे, म्हणून अडलेली बाई असो की साप चावलेला माणूस, आधी आत्याचं दार वाजायचं.

आणि आदल्या आठवड्यात बुधवारी तिसऱ्या वळणावर तीच गाडी कठड्याला जाऊन टेकली होती. आत एक बाळंतीण होती आणि तीन दिवसांचं पोर. कुणाला खरचटलंही नाही, पण कठड्याचा एक दगड निखळून खाली गेला. तो खाली पोचल्याचा आवाज किती वेळानं आला, ते आत्यानं मला फोनवर सांगितलं होतं.

“सोमवारी चंद्रीला न्यायचंय,” ती आता म्हणाली. “पहिलं पोर पोट फाडून काढलेलं. यंदा कळा सुरू व्हायच्या आत तिला खाली पोचवायचीच. आज गुरुवार.”

“होईल गं. ब्रेक म्हणजे काय जादू आहे? कुठंतरी काहीतरी बिघडलंय, ते सापडेलच.”

असं म्हणाले खरी. पण माझ्या आधी तीन मेकॅनिकांनी गाडी बघितली होती. पहिल्यानं एक फेरी मारली आणि म्हणाला, बाई, ब्रेक झक्कास आहे. दुसरा म्हणाला, वय झालं की घाटात भीती वाटतेच. तिसरा तर आत्याशी बोललाच नाही, सोबत आलेल्या सरपंचांशी बोलला. हे ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं. बाई सांगतेय म्हणजे मनाचे खेळ! मी ठरवून आले होते, दोष शोधायचा आणि तिघांच्या नाकावर टिच्चून दाखवायचा.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि चारही चाकं उतरवली. पुढचे ब्रेकपॅड बघितले तर निम्म्याहून जास्त शिल्लक. मागचे ड्रम काढले, ते अडकले होते, लाकडी हातोडीनं गोल फिरत ठोकून सैल केले. आत लायनर धड, पण ड्रमपासून थोडे लांब राहिले होते. मी आनंदानं ओरडले, “आत्या, सापडलं!” लायनर जवळ घेतले, सरकत्या पिना घासून ग्रीस लावलं. मग डाव्या पुढच्या चाकामागं बघते तर शॉकअप गळत होता. नळी काळीभोर, तेलानं चिकट. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली झुकतं ते यामुळंच. हेही सापडलं! मला तर पोराच्या हाती खाऊची पुडी आल्यागत झालं होतं.

आत्या सकाळपासून पायऱ्यांवर बसून बघत होती. “शॉकअपचा आणि ब्रेकचा काय संबंध?” तिनं विचारलं. तिला प्रत्येक गोष्ट समजून घ्यायची असे. मी गळका शॉकअप तिच्या हातात दिला. तिनं तो दाबला. तो आत गेला आणि तसाच मेल्यासारखा पडून राहिला.

“हे परत वर यायला पाहिजे ना?”

“हळूहळू, जोर लावत. हा दमलाय. म्हणून चाक रस्त्याला नीट चिकटून राहत नाही आणि ब्रेकला धरायला काही मिळत नाही.”

“माझ्या एका पेशंटची फुप्फुसं अशी झाली होती,” ती म्हणाली आणि तेलाचे हात पदराला पुसले.

शॉकअपची नवी जोडी दुपारच्या एसटीनं खालून आली. गंजलेल्या नटावर मी अर्धा तास लोंबकळले, शेवटी पान्ह्याला पाइप लावून तो निघाला. संध्याकाळच्या आत चाकं जागेवर आली. आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. आत्यानं गाडी पळवली, मी शेजारी.

“मार ब्रेक!”

एक क्षण काहीच झालं नाही. अगदी क्षणभरच. मग गाडी अशी गचकन थांबली की माझं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

“बघितलंस?” आत्या विजयानं म्हणाली. “हेच.”

मग मी चालवायला बसले. ब्रेक मारला तर गाडी जिथल्या तिथं उभी. पुन्हा मारला, पुन्हा उभी. दहा वेळा मारला. माझ्या पायाखाली तो ब्रेक इतका शहाण्यासारखा वागत होता की मला त्याचा रागच आला.

“तुला उशीर झाल्यासारखा वाटतच नाही?” आत्यानं विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता. “म्हणजे ते तिघं म्हणतात तसंच की काय?”

“हॅट! त्यांना काय कळतंय? मी मैदानावर चालवतेय, तू घाटात चालवतेस. फरक आहे.”

रात्री जेवताना माझं डोकं तेच कातत होतं. फरक आहे तर कसला? घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर. ब्रेक तापणार. आणि ब्रेक ऑइल? ते कधी बदललं होतं? आत्याला आठवेना. म्हणजे बदललंच नाही! जुनं ऑइल हवेतलं पाणी धरून ठेवतं. तापलं की त्या पाण्याची वाफ होते, नळीत बुडबुडे होतात, मग पाय पेडल दाबतो पण नुसते बुडबुडेच दबतात. पेडल खाली जातं, ब्रेक उशिरा लागतो. कधी लागतो, कधी नाही. मी ताटावरच टाळी वाजवली. मैदानावर ब्रेक तापलाच नव्हता तर दिसणार कसा? आणि तिला मैदानावरही उशीर का झाला, या एका गोष्टीकडं मी चक्क काणाडोळा केला. बसत नव्हती ना ती माझ्या हिशेबात!

शुक्रवारी सकाळी ऑइल बदलायला घेतलं. हे काम एकट्यानं होत नाही. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं. दुसऱ्यानं चाकापाशी बसून तिथला छोटा निपल उघडायचा, की जुनं ऑइल आणि हवा नळीतून बाटलीत येते. निपल बंद केल्याशिवाय आतल्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेरची हवा आत शिरते. गाडी बंदच असते. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, नुसता आवाज.

सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणून मी मागच्या डाव्या चाकापाशी बसले.

“दाब!”

“दाबलं.”

“धर!”

“धरलं.”

निपल उघडला. काळं ऑइल चर्रकन बाटलीत आलं. बंद केला.

“सोड! पुन्हा दाब!”

“दाबलं. धरलं.”

उघडला. काहीच नाही, थेंबसुद्धा नाही.

“आत्या, नीट दाब गं.”

“दाबलंय की! पार तळाला गेलंय बघ. हेच सांगत होते तुला, असंच जातं!”

माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. पेडल तळाला आणि ऑइल बाहेर येत नाही. म्हणजे मधला रबरी पाइप आतून सुजलाय! जुन्या गाड्यांत होतं असं, वरून धडधाकट आणि आतून बंद. मी पुन्हा दाब म्हणाले. या वेळी ऑइल भसकन आलं. पुन्हा सांगितलं. आलं. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा कोरडं.

मी पान्हा खाली ठेवला. सुजलेला पाइप असा आलटून पालटून वागत नाही. बंद तर बंद. हे काय गौडबंगाल आहे? मला हे बघायचंच होतं. पेडल तळाला जातंय म्हणजे नेमकं कुठवर जातंय?

“आत्या, तशीच धरून बस हं. सोडू नकोस.”

“धरलंय.”

मी उठून गाडीला वळसा घालून तिच्या दारापाशी आले. ती सरळ समोरच्या काचेतून बघत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर शाळेतल्या मुलीचं असतं तसं लक्ष. पाय जोरात दाबलेला होता. तळापर्यंत.

अॅक्सिलरेटरवर.

गाडी बंद होती म्हणून आवाज झाला नव्हता, इतकंच. ब्रेकचं पेडल शेजारी वर, मोकळं होतं.

“काय झालं?” ती म्हणाली. “सोडू?”

खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो असा, की मी हे बघितलंच नाही असं करू. परत जाऊन चाकापाशी बसू.

“आत्या,” मी म्हणाले, “खाली बघ.”

तिनं मान खाली घातली. बराच वेळ बघत राहिली. मग हातानं गुडघा धरून पाय उचलला आणि ब्रेकवर ठेवला, वस्तू उचलून ठेवतात तसा.

“घसरला असेल,” ती म्हणाली.

“चप्पल काढ.”

“कशाला?”

“काढ ना.”

चप्पल काढली. आतून खिळा वर आला होता, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. तिच्या टाचेला त्यानं भोक पाडलं होतं, भोवतीची कातडी पांढरी पडून सुटली होती. दोन-तीन दिवसांची तरी जखम असेल. रक्त चपलेत वाळून काळं झालं होतं. आत्यानं पाय मांडीवर घेऊन तळवा उलटा केला आणि नर्स बघते तसं बघितलं. तिला नऊ वर्षं साखर होती. गोळ्या चुकवायची नाही. पठारावरच्या साखरेच्या प्रत्येक पेशंटला ती दम भरायची, रोज तळवे बघा, आरसा धरून बघा. कैक म्हाताऱ्यांचे पाय तिनं मांडीवर घेऊन तपासले होते. स्वतःचे बघायला तिला कधी सुचलं नव्हतं.

ती पायरीवर जाऊन बसली. “खराट्याची एक काडी आण.”

मी आणली.

“मी डोळे मिटते. तू तळव्याला काडी टेकव, वाकेल इतपत. कुठंही. मला लागली की मी ‘हं’ म्हणेन. किती वेळा टेकवलीस ते मोजत राहा.”

मी अंगठ्याला टेकवली. टाचेला. मधे. करंगळीखाली. ती डोळे मिटून शांत बसली होती. घोट्याजवळ टेकवली तेव्हा म्हणाली, “हं.” मी पुन्हा अंगठ्याला टेकवली, पुन्हा टाचेला.

“लाव की गं,” ती म्हणाली. “थांबलीस का?”

मी काडी खाली घेतली.

“किती झाले?” तिनं विचारलं.

एकच, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एकच म्हटलं असतं तर ती हसून उठली असती, सोमवारी चंद्रीला घेऊन घाट उतरली असती. पाच पाड्यांची गाडी चालू राहिली असती. आणि मीही खरी ठरले असते.

“सात,” मी म्हणाले.

तिनं डोळे उघडले. “खोटं बोलतेस.”

“आत्या...”

“नीट टेकवतच नाहीस तू! तुला जमत नाही म्हणून माझ्यावर ढकलतेस. आण इकडं.”

माझ्या हातून काडी हिसकून घेऊन तिनं स्वतःच अंगठ्याला टोचली. काडी वाकली. तिनं आणखी जोर लावला. काडी मोडली. मोडलेल्या टोकाकडं ती बघत बसली आणि तिचा राग माझ्यासमोर उतरला. इतकं दमलेलं मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

“त्या बुधवारी,” ती म्हणाली, “तिसऱ्या वळणावर माझा पाय कुठं होता गं?”

मी पायरीवर पडलेला काडीचा तुकडा उचलला.

“ब्रेक शोधत होता,” तिनंच उत्तर दिलं. “गाडीत तीन दिवसांचं पोर होतं, मंदे.”

मी तिच्या शेजारी बसले. त्या तिघा मेकॅनिकांनी गाडी चालवून बघितली होती, मीही बघितली होती. ती चालवत असताना तिच्या पायाकडं आमच्यापैकी एकानंही बघितलं नाही. त्यांनी तिला भित्री ठरवलं. मी तिला खरी ठरवलं, इतकी खरी की काल मैदानावर कपाळ फुटायची वेळ आली तरी मी दोष ऑइलला दिला. माझी मला लाज वाटली.

बऱ्याच वेळानं ती उठली. टाच धुतली, औषध लावून पट्टी बांधली. मग गाडीकडं गेली. मला वाटलं, किल्ली काढून घेतेय. पण ती चालकाच्या दाराशी खाली गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळहात ब्रेकच्या पेडलवर ठेवले.

“चल. चारही चाकं राहिलीत.”

“आत्या, राहू दे गं आता.”

“राहू दे काय? सोमवारी चंद्री जायचीय ना? हात शाबूत आहेत माझे. बस चाकापाशी.”

मी बसले.

“दाब!”

“दाबलं!”

चारही चाकांचं ऑइल आम्ही असंच बदललं. एकदाही निपल कोरडा गेला नाही.

“सोमवारी गाडी कोण नेणार?” हात धुताना मी विचारलं.

“तू.”

“मी? मी घाटात कधी चालवली नाही गं!”

“मीही चालवली नव्हती, बावन्न वर्षं.”

शनिवार-रविवार तिनं मला त्या अकरा वळणांत पिळून काढलं. शेजारी बसून एकेक वळण सांगायची. इथं आधी गिअर टाक. इथं हॉर्न दे, पलीकडून दुधाची गाडी येते. ब्रेकवर उभी राहू नकोस, इंजिनाला धरू दे. मी चुकले की अशी खेकसायची की काही विचारू नका. तिसऱ्या वळणावर मात्र दोन्ही दिवस तिनं कठड्यातल्या दगडाच्या रिकाम्या जागेकडं बघितलं.

सोमवारी सकाळी चंद्री आणि तिची सासू मागच्या बाकावर बसल्या. सासूनं मला चालकाच्या जागेवर बघितलं आणि घाबरून विचारलं, “सिस्टर, तुमी न्हाई चालवत?”

“बसा,” आत्या म्हणाली. “गाडी तिनंच दुरुस्त केलीय.”

दीड तास लागला. आत्याला पाऊण लागायचा. दवाखान्यासमोर गाडी उभी केली तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता, पण चंद्री मागं चक्क पेंगत होती. तिला आत नेलं, खाट मिळाली. आत्या केसपेपरच्या खिडकीशी गेली. तिथला कारकून जुना, रांगेतून तिला नेहमी पुढं बोलवायचा.

“चंद्रकला सोमा गवारी, वय बावीस,” आत्यानं सांगितलं. त्यानं लिहून कागद दिला.

“झालं, सिस्टर.”

आत्या हलली नाही. “आणखी एक काढा.”

“कुणाचा?”

“हिराबाई दगडू भांगरे. वय त्रेसष्ट. साखर आहे, नऊ वर्षं. पाय बधिर. उजव्या टाचेला जखम.”

त्याचं पेन थांबलं. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग तिच्या पायाकडं. “सिस्टर, पण तुम्ही तर गाडी चालवता.”

“चालवत होते,” आत्या म्हणाली. “आता नाही चालवत.”

त्यानं कागद लिहिला. आत्यानं तो हातात घेतला आणि मागं वळून बाकांकडं बघत राहिली. त्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं माणसं आणून बसवली होती, पण आपण कुठं बसायचं ते तिला कळेना. मला इतकं रडू आलं की मी भिंतीकडं तोंड केलं. मग डोळे पुसले, तिचा हात धरला आणि एका बाकावर दोघींपुरती जागा करून घेतली. आमचा नंबर सत्ताविसावा होता.